भिंतीपलीकडचा श्रोता

मोठेपणी बेस गिटार वाजवायची असे लहानपणी ठरवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आमचा रॉक बँड जमला तेव्हा ड्रम्स ज्याच्या घरी होते तो ड्रमर झाला, गायकाने आपण गाणार हे कोणाला विचारलेच नाही, आणि गिटार वाजवणारे तिघे शिल्लक राहिले. त्या तिघांपैकी ज्याला सोलो सर्वांत कमी जमतो त्याने बेस घ्यावा, असा ठराव मांडला गेला तेव्हा मी खाली मान घालून तारा लावत होतो; मान वर केली तोवर तो एकमताने संमत झाला होता. १९६१ मध्ये बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफने बीटल्स सोडल्यावर बेस कोणालाच नको होता म्हणून तो पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला, हे वाचून मला बराच धीर आला. मात्र आम्हा दोघांतील साम्य त्या गळ्यापाशीच संपते.

या वाद्याला चारच तारा असतात, त्यामुळे नात्यातील प्रत्येक वडीलधाऱ्या व्यक्तीने एकदा तरी काळजीने विचारले आहे, "दोन तुटल्या का रे?" गिटारच्या जाड बाजूच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली, हे स्पष्टीकरण मी पूर्वी तपशिलात देत असे. आता मी "हो, तुटल्या" असे सांगून मोकळा होतो, कारण त्यानंतर निदान सहानुभूती तरी मिळते.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये फ्रेट म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या असलेला, गळ्यात अडकवता येणारा विजेचा बेस बाजारात आणला आणि कपाटाएवढे उभे वाद्य पाठीवर वाहणाऱ्या वादकांची सुटका केली, असे इतिहासात लिहिलेले असते. इतिहासकाराने अँप्लिफायर उचललेला नसावा. खालचे सूर मोठ्याने ऐकवायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते, त्यासाठी मोठे स्पीकर लागतात आणि मोठ्या स्पीकरना मोठे खोके लागते. थोडक्यात, कपाट गेले नाही, ते फक्त वाद्यापासून वेगळे झाले. कार्यक्रम संपल्यावर गायक पाण्याची बाटली घेऊन आणि गिटारवाले आपापली पेटी खांद्याला लावून चाहत्यांच्या घोळक्यात शिरतात. त्या वेळी जिन्याच्या वळणावर कठड्यात अडकलेले स्पीकरचे खोके, म्हणजे कॅबिनेट, आणि भिंत यांच्यामध्ये मी असतो, आणि माझ्या मागे झांजांच्या स्टँडची मोळी घेऊन ड्रमर खोळंबलेला असतो. बेस आणि ड्रम्सचे जे घट्ट नाते संगीताचे जाणकार वाखाणतात, ते बरेचसे या जिन्यातच जुळते.

एवढे वाहून नेलेले वाद्य ऐकू येते का, हा प्रश्न नाजूक आहे. सर्वांत खालच्या तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि त्याची एकेक लाट आठ मीटरहून लांब असते. बंद सभागृहात अशा लाटा भिंतींवरून परतून एकमेकींवर आदळतात, आणि मग कोपऱ्यात बसलेल्या माणसाच्या बरगड्या थरथरतात, तर मधल्या एखाद्या रांगेत काहीच पोहोचत नाही. साउंड चेकला ध्वनिसंयोजक ड्रमच्या एकेका कातड्याची आस्थेने विचारपूस करतो, माझी पाळी आली की दोन सूर ऐकतो आणि म्हणतो, "थोडा कमी कर." मित्र मोबाइलवर चित्रण करतात त्यात मी बहुधा चौकटीबाहेर असतो, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो खालचा सूर काढताच येत नसल्याने आवाजातही नसतो. यावर कडी म्हणजे, त्याच सुरात मिसळलेले वरचे उपस्वर कानी पडले की श्रोत्याचा मेंदू न वाजलेला मूळ सूर आपणच भरून काढतो. माझ्या जागी दुसरा बेसवादक शोधायची वेळ आली, तर बँडला फार लांब जावे लागणार नाही.

थोरांचीही कथा फारशी वेगळी नाही. बेसवादक जेम्स जेमरसनने केवळ उजव्या तर्जनीने तारा छेडून मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची कितीतरी गाणी उभी केली. तबकडीवर वादकांची नावे छापायला त्या कंपनीला १९७१ साल उजाडावे लागले. मेटॅलिका या हेवी मेटल बँडात नव्याने आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस १९८८ च्या अल्बममध्ये जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि तो बँड जगातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या बँडांपैकी एक! इतक्या कल्लोळात इतके निःशब्द राहणे ही मला साधनाच वाटते.

या सगळ्याला एकच अपवाद आहे, आणि तो माझ्या शेजारी राहतो. भिंत वरचे सूर अडवते आणि खालचे बिनदिक्कत जाऊ देते, या निसर्गनियमामुळे मी रोज संध्याकाळी सात वाजता सराव करतो तो शेजारच्या काकांना निर्भेळ बेस म्हणून ऐकू येतो. पहिल्यांदा ते पाण्याचा पंप बिघडल्याची तक्रार घेऊन आले होते. पंप म्हणजे मीच, हे कळल्यावर ते काही न बोलता परतले. महिन्याभराने पुन्हा दार वाजले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, चौकटीवर बोटाच्या पेराने ठेका धरला आणि म्हणाले, "ते चौथं वाजवता ना, धुम् धुम् धुडुम्... त्यात काल शेवटी घसरलात." मी खरोखरच घसरलो होतो. बँडमधल्या चौघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते. कोणती गाणी, कोणाची, त्यांना शब्द तरी आहेत का, यातले काकांना काही ठाऊक नव्हते. त्यांना माझा भाग मात्र तोंडपाठ होता.

मी भारावून जाऊन त्यांना पुढच्या कार्यक्रमाचे आमंत्रण दिले. इस्त्रीचा सदरा घालून ते सहाव्या रांगेत मधोमध बसले, आणि चौथ्या गाण्याचा शेवट मी आयुष्यात पहिल्यांदा निर्दोष वाजवला. कार्यक्रमानंतर ते मला जिन्यात शोधत आले.

"घरी बरं वाजवता हो," ते संकोचून म्हणाले, "आज तुम्हाला पाळी दिली नाही का?"

मी कॅबिनेटकडे बोट दाखवले. ते किती जड आहे याचा अंदाज घेत काकांनी बाह्या वर सरकवल्या, त्याची एक बाजू उचलली आणि तिसऱ्या पायरीवर श्वास घ्यायला थांबून म्हणाले, "उद्या सात वाजता ते चौथं घ्या. आज ऐकायचं राहिलं."