दे के बिया साले

स्पेनला जायचं ठरलं तेव्हा मी स्पॅनिशच्या मागे लागले. आमचे हे लागले नाहीत. सगळी नोकरी रेल्वेत गेलेल्या माणसाला दुसऱ्या देशातल्या गाडीत बसण्यासाठी भाषा शिकावी लागते, हेच त्यांना मान्य नव्हतं. "गाडी लागते, आपण चढतो. त्यात बोलायचं काय?"

मी मात्र रोज सकाळी चहाबरोबर मोबाइलवरच्या ॲपशी बोलत होते. त्याचा अभ्यासक्रम कोणी आखला देव जाणे! 'ला तोर्तुगा बेबे लेचे', म्हणजे कासव दूध पितं, हे वाक्य त्याने इतकं घोटून घेतलं की कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही तेच तोंडात. बरं, हे वाक्य खपण्यासारखं जगात एखादं रेल्वे स्टेशन असेलच, तर ते माद्रिदचं अतोचा. जुन्या इमारतीच्या उंच लोखंडी छताखाली तिथे चक्क झाडांची बाग आहे आणि तिच्या तळ्यात खरोखरची शेकडो कासवं असत. 2018 साली ती दुसरीकडे हलवली. झालं! तोही उपयोग गेला.

कामाची वाक्यं मी वहीत वेगळी उतरवली होती. 'उन बियेते दे इदा इ बुएल्ता', म्हणजे जाण्यायेण्याचं एक तिकीट. डब्याला 'कोचे', जागेला 'प्लाथा', खिडकीला 'बेन्तानिया'. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सेव्हिलची गाडी कोणत्या फलाटावरून सुटते हे विचारण्याचं वाक्य: 'दे के बिया साले एल त्रेन आ सेबिया?' तिकडे व चा ब होतो, त्याला मी काय करणार? चौकशीच्या खिडकीवर हे वाक्य मी खणखणीत म्हटलं, तशी मागून ह्यांनी कोपर ढोसलं. "अगं, साले काय म्हणतेस? चांगला माणूस दिसतोय."

माणूस खरंच चांगला होता. माझे उच्चार ऐकून त्याला वाटलं, बाईंना स्पॅनिश येतं. त्याने राजधानी एक्सप्रेसच्या वेगाने उत्तर दिलं. त्यातलं मला 'तोदाबिया' तेवढं हाती लागलं. बिया म्हणजे फलाट हे ठाऊक होतं, तेव्हा हा 'तोदा' नंबरचा फलाट असणार. वहीत एक ते शंभर आकडे होते: उनो, दोस, त्रेस, दोथे सगळे सापडले, तोदा कुठेच नाही. पुढे ॲपने सांगितलं की 'तोदाबिया' म्हणजे 'अजून'. अजून फलाट लागलेला नाही, असं तो बिचारा सांगत होता. वाक्यांच्या पुस्तकांचं हेच मला पटत नाही. त्यात प्रश्न सगळे असतात, समोरचा काय उत्तर देईल ते एका ओळीतही नसतं.

ह्यांनी वर पाटीकडेही पाहिलं नाही. ते माणसांकडे पाहत उभे होते. एका क्षणी दहाबारा जणांनी बॅगांचे दांडे उचलले, तसे हे म्हणाले, "चल, लागली." पाटीवर नंबर आम्ही चालायला लागल्यावर वाचला. दादरला उभं राहून मुरलेली नजर ती!

त्याआधी सामानाची तपासणी झाली होती. लांबच्या गाड्यांना तिथे बॅगा यंत्रातून जातात. आमचा स्टीलचा डबा पडद्यावर गोल काळा दिसला. "के एस एस्तो?" हे काय, असं बाईंनी विचारलं. डिंकाच्या लाडवांना कुठल्याही पुस्तकात स्पॅनिश नाव नाही. ह्यांनी झाकण उघडून डबा पुढे केला आणि भुवया उंचावल्या, म्हणजे 'घ्या ना'. बाईंनी हसून मान हलवली आणि आम्हाला सोडलं.

गाडी सुरेख. "ही ह्यांची पहिली वेगवान लाइन, 1992 ची," हे सांगू लागले. "जुने रूळ आपल्यासारखेच रुंद, आठ मिलिमीटरचा काय तो फरक. ही मात्र स्टँडर्ड गेज." मी मान डोलावत वहीतलं 'पेर्दोन, एस्ते एस मी असियेन्तो', म्हणजे माफ करा, ही माझी जागा, पाठ करत होते. पण माझ्या जागेवर कोणी बसलेलंच नव्हतं. इतकं तयार वाक्य वाया गेलं.

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. माझ्या खिडकीकडे, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, मग मागच्या रांगेकडे बोट दाखवत बरंच काही बोलल्या. तिकडे लोक उठता बसता 'बाले' म्हणतात, म्हणजे बरं, ठीक. मीही म्हटलं, "बाले, बाले." आजीबाई माझ्या जागेवर बसल्या आणि माझी रवानगी मागच्या रांगेत झाली.

पुढचे दोन तास मी फटीतून दोन पांढरी डोकी हलताना पाहत होते. आजीबाई स्पॅनिश बोलत होत्या, हे अस्सल मराठी. मधे लाडवाचा डबा उघडल्याचा आवाज आला. कोर्दोबा गेलं, ऑलिव्हच्या बागा आल्या आणि गेल्या. पुढचा संवाद काही थांबेना.

सेव्हिलला उतरताना हे म्हणाले, "मुलगा बार्सिलोनाला असतो. सुनेचं आणि हिचं पटत नाही. आता मुलीकडे निघालीय."

"हे तुम्हाला कुठल्या भाषेत सांगितलं?"

"म्हणजे?" ते वरची बॅग ओढत म्हणाले. "डबा रिकामा आहे, तू धर."