अ‍ॅटलेटिको जिंकली की हरली?

काल रंकाळ्यावर परत तोच वाद. माद्रिदच्याच दोन क्लबांची, अ‍ॅटलेटिको आणि रेआलची, फुटबॉल मॅच होऊन लई दिवस झालं, 12 मार्च 2025 ची, आपल्याकडं रात्री दीडला लागली होती आणि आम्ही सगळे जागून बघितलेली, पण पम्या अजून सोडत नाही. त्याचं एकच, "अ‍ॅटलेटिको जिंकलीवती."

तसं खोटं न्हाई ते. चॅम्पियन्स लीगचा राऊंड ऑफ 16, दोन मॅचची लढत, पहिला लेग (म्हणजे पहिली मॅच) रेआलनं 2-1 मारला, दुसऱ्यात अ‍ॅटलेटिकोच्या गॅलाघरनं अर्ध्या मिनिटात गोल टाकला आणि नव्वद मिनिटं 1-0 वर संपली, दोन्ही मॅचची बेरीज 2-2, मग एक्स्ट्रा टाईम, मग पेनल्टी, आणि पुढं गेली रेआल, 4-2 नं.

काल हे निघालं प्रेडिक्शन मार्केटवरनं, म्हणजे पुढं काय होणार ह्यावरचे कागद घ्यायचा-विकायचा बाजार. मास्तर (गणिताचे, चहाचं बिल बहुतेक तेच देतात) म्हणाले, "'रेआल पुढं जाणार' असा एक कागद समज. गेली तर एक डॉलर, न्हाई गेली तर शून्य. तो 62 सेंटला विकला जात असला तर लोकांच्या मते साधारण 62 टक्के चान्स. मधी कधीबी विकून मोकळं व्हायचं. त्या दिवशी 70 व्या मिनिटाला रेआलच्या विनिशियसनं पेनल्टी बारवरनं उडवली न्हवं, त्या अर्ध्या मिनिटात भाव वर जाऊन परत धाडकन खाली आला असणार बघ."

अभ्या म्हणाला सर हा सट्टाच की, एक लावणारा एक खाणारा, फक्त बुकीच्या जागी ॲप. मास्तरांनी ते मान्य केलं, अमेरिकेतबी हेच भांडण चालू हाय म्हणे, कल्शीवाले (असलंच एक ॲप) म्हणतात आम्ही केंद्राच्या सीएफटीसीच्या (वायदेबाजारावर नजर ठेवणारी संस्था) नियमात बसतो, राज्यं म्हणतात हा सरळ जुगार. आपल्याकडं 2025 च्या ऑगस्टमधल्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळच बंद केले, त्यामुळं पम्या, तू गप चहा पी.

पम्या गप कसला बसतोय. "पण मग जिंकणाऱ्यावर लावलेले पैसे गेले कसे?"

खरी मेख इथंच हाय. 'मॅच कोण जिंकणार' हा कागद सहसा नव्वद मिनिटं आणि इंज्युरी टाईमवर मिटतो, म्हणजे तिथं अ‍ॅटलेटिकोवाल्याला पैसे मिळाले. 'पुढं कोण जाणार' हा दुसरा कागद, तो पेनल्टीपर्यंत चालतो. प्रश्नच दोन, आणि आमचं हे येडं एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतंय.

मग अभ्यानं 2017 ची बार्सिलोना काढली. पॅरिसला 4-0 खाऊन आलेली, 88 व्या मिनिटाला 3-1, अजून तीन गोल पाहिजेत आणि 95 व्या मिनिटाला सर्जी रॉबर्टो, 6-1. "तेव्हा ह्यांचा भाव काय असंल? एक-दोन सेंट? म्हणजे मार्केट चुकलंच की."

मास्तर म्हणाले असं एका मॅचवर ठरवता येत न्हाई, दोन सेंटचे शंभर कागद काढ, त्यातलं दोनेक लागलं तर भाव बरोबर होता. दहा लागलं तर बोल.

हे मला तरी पटलं. पम्याला न्हाई, कारण तोवर तो अ‍ॅटलेटिकोच्या अल्वारेझवर पोचला होता, त्याच मॅचच्या शेवटच्या पेनल्टीत पाय घसरून बॉलला दोनदा टच झाला म्हणून रद्द झालेला गोल. पुढं जूनमध्ये आयफॅबनं (फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था) सांगितलं की चुकून दोनदा लागून गोल झाला तर पेनल्टी परत मारायची.

"मग मारू द्या की परत!" पम्या ओरडला. मास्तरांनी अजून चार कटिंग सांगितले.