मणका कुणाच्या हाती द्यायचा?

गावाकडून कुणी कायरोप्रॅक्टिकबद्दल, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन करायच्या उपचाराबद्दल, विचारलं की प्रश्न ठरलेला असतो: "अमेरिकेत त्याला मान्यता आहे ना?" यंदा तो साताऱ्याच्या मामेभावाने विचारला. त्याची कंबर धरलीय. तालुक्याच्या गावी कुणा 'कायरोप्रॅक्टर'चं शिबिर लागलंय, हाडं कडाकड मोडल्याच्या त्याच्या रील्स सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतायत. घरातले निम्मे म्हणतात जाऊन ये, निम्मे म्हणतात भोंदूगिरी आहे. मी डेव्हनपोर्टला राहते, म्हणजे हा उपचार जिथे जन्मला त्याच गावात, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

मान्यता आहे. पण मान्यता आहे म्हणून उपचार खरा ठरत नाही, आणि आपल्याकडचा वाद नेमका तिथेच अडकून पडतो.

आयोवा राज्यात मिसिसिपीच्या काठावर हे गाव आहे. नदीपलीकडे मोलीनला जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीचं मुख्यालय, त्यामुळे पुण्याहून आलेली मराठी कुटुंबं इथे बरीच. ब्रेडी स्ट्रीटच्या चढावर पामर कॉलेज आहे. ते ज्याने काढलं तो डॅनियल डेव्हिड पामर डॉक्टर नव्हता, चुंबकशक्तीने रोग बरे करण्याचा त्याचा व्यवसाय होता. १८९५ साली हार्वी लिलार्ड नावाच्या, कानाने अधू असलेल्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका आपण दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. तरी त्या दाव्यावर अख्खा पंथ उभा राहिला. शंभरातले पंचाण्णव रोग मणके जागचे हलल्याने होतात, असं पामरने पुढे लिहून ठेवलं.

मग परवाने मिळत गेले. कॅन्ससने १९१३ साली पहिला कायदा केला, १९७४ साली शेवटी लुइझियाना आलं. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, १९६३ साली भोंदूगिरीविरोधी समिती नेमून कायरोप्रॅक्टिक संपवायचा चंग बांधला होता. कायरोप्रॅक्टरशी व्यवहार ठेवणाऱ्या डॉक्टरांवर अनैतिकतेचा ठपका होता. चेस्टर विल्क या कायरोप्रॅक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली खटला भरला आणि १९८७ साली न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी निकाल संघटनेच्या विरोधात दिला. आज कायरोप्रॅक्टरांचे समर्थक हा निकाल मिरवतात. पण खटला मक्तेदारीविरोधी कायद्याखालचा होता. उपचार खरा की खोटा, हे त्या न्यायालयाने ठरवलंच नाही. वृद्धांच्या सरकारी विम्यातून, मेडिकेअरमधून, कायरोप्रॅक्टरांना पैसे मिळतात तेही फक्त हाताने मणका दाबण्याचे, त्यांनी काढायला लावलेल्या एक्स-रेचे नाहीत.

मग या दाबण्याने काही होतं का? कंबरदुखीत थोडं होतं. २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीत मणका हाताळल्यावर वेदना शंभराच्या मोजपट्टीवर सुमारे दहाने कमी झालेली दिसली. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीसाठी आधी गोळ्या नकोत, शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर किंवा मणक्याची हाताळणी करून बघा, असं सुचवलं. पुरावा फार भक्कम नाही हेही सांगितलं. एवढंच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

डॉक्टरी बाजूलाही इथे मान वर करून बोलायची सोय नाही. याच देशात पाठदुखीसाठी वर्षानुवर्षं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक, गोळ्या मुठीमुठीने लिहून दिल्या गेल्या, त्यातून माणसं व्यसनात गेली आणि मेली. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातली चाचणी आली: नव्या कंबरदुखी-मानदुखीत ओपिऑइडचा उपयोग खोट्या गोळीपेक्षा जास्त नाही. पांढरा कोट घातलेल्याने दिलं म्हणून ते उपचार शास्त्रीय होत नव्हते.

माझी पाठ मीही इथे एका कायरोप्रॅक्टर बाईंना दाखवली आहे. त्यांनी आधी नीट विचारलं: ताप येतो का, वजन घटलंय का, लघवीवरचा ताबा गेलाय का, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का. मग मला कुशीवर निजवलं, वरचा गुडघा पोटाकडे घेतला, खांदा मागे धरला आणि कमरेवर एक झटका दिला. कड् असा आवाज झाला. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन पोकळी तयार होते, तेव्हा तो येतो. अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ साली बोटांच्या सांध्यांत ही पोकळी एमआरआयखाली चित्रित केली आहे. मला बरं वाटलं. बाहेर काउंटरवर मात्र वर्षभराचं पॅकेज पुढे आलं, आणि मुलांनाही आणा, प्रतिकारशक्ती वाढते, असा आग्रह झाला. आत विचारलेले प्रश्न उत्तम वैद्यकाचे होते आणि बाहेरचा दावा निराधार होता. दोन्ही एकाच दवाखान्यात, एकाच परवान्याखाली.

म्हणून 'कायरोप्रॅक्टिक खरं की खोटं' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. दावा कोणता, हे विचारायला हवं. ब्रिटनमध्ये ते झालं. लहान मुलांचा दमा, कानाचे आजार, पोटशूळ यांवरचे दावे निराधार आहेत असं विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ साली लिहिलं, तर ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला. २०१० साली अपील न्यायालयाने सिंग यांची बाजू उचलून धरली आणि संघटनेने खटला मागे घेतला. त्याच वर्षी तिथल्या नियामक परिषदेने जाहीर केलं की मणका हलून रोग होतात या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही. पामरचा पायाच त्यांच्या स्वतःच्या परिषदेने काढून घेतला.

मानेची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून जातात. त्यांचं अस्तर फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली सांगितलं की कार्यकारणभाव सिद्ध नाही, पण संबंध दिसतो, आणि मान हाताळण्याआधी रुग्णाला तो सांगितला पाहिजे. धोका दुर्मीळ आहे. पण साध्या मानदुखीसाठी मी तोही पत्करणार नाही, आणि आपल्याकडे केस कापून झाल्यावर न्हावी मान कडकन मोडतो तेही मला बघवत नाही.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेणं आमच्याकडे चालायचंच. बरंही वाटायचं, कारण नवी कंबरदुखी बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपसूक उतरते. त्याचं श्रेय पायाळूला मिळतं, हाडवैद्याला मिळतं, गोळीला मिळतं, आता रीलवाल्याला मिळतं. धोका उरलेल्या थोड्या पाठींचा आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि मणक्याच्या क्षयाची सुरुवात पाठदुखीनेच होते. पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर माणूस कायमचा लुळा पडू शकतो. आयोवातल्या दवाखान्यात असा रुग्ण क्वचितच येईल. साताऱ्यातल्या शिबिरात कुणी तपासल्याशिवाय त्याला टेबलावर घेतलं तर?

महाराष्ट्रात मात्र भांडण पदव्यांचं चालू आहे. होमिओपॅथीच्या पदवीधरांना वर्षभराच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधं लिहू देण्यावरून, २०१४ च्या कायदादुरुस्तीपासून ते सप्टेंबर २०२५ मधल्या डॉक्टरांच्या संपापर्यंत, दोन्ही बाजू आपापली पॅथी घेऊन उभ्या आहेत. जो औषध लिहितो त्याने ते पूर्ण शिकलेलं असावं, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पण या सगळ्या आवाजात मणक्यांवर झटके देणाऱ्यांकडे कुणाचंच लक्ष नाही. कायरोप्रॅक्टरांसाठी भारतात स्वतंत्र वैधानिक परिषदच नाही. इथे आयोवात काही बिघडलं तर मी राज्याच्या परवाना मंडळाकडे जाऊ शकते. तिथे जायचं कुणाकडे?

मामेभावाला मी सांगितलं ते एवढंच: आधी जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखव, ताप आणि वजनाचं त्यांना नक्की सांग. त्यांनी धोका नाही म्हटलं तर चांगला फिजिओथेरपिस्ट गाठ. हाताने सांधे मोकळे करायला तोही शिकलेला असतो आणि शिवाय घरी करायचे व्यायाम देतो. चालत राहा, अंथरुणाला खिळून राहू नकोस. आणि शिबिराला जायचंच असेल, तर त्या माणसाने शिक्षण कुठे घेतलं, नोंदणी कुठली, आणि मानेला हात लावण्याआधी तो काय तपासतो, हे तिघाचौघांसमोर विचार.