बहात्तर दात

नट सोडवायला माणसाला रॅचेट, म्हणजे नटावरून न काढता पुढे-मागे हलवून फिरवायचे पाने, किती लागतात? ‘एक’ असं उत्तर देणारी माणसं रात्री शांत झोपतात. माझ्याकडे किती आहेत ते इथे लिहीत नाही, कारण घरात हे वाचलं जाणार आहे.

या सगळ्याच्या मुळाशी काटकसर आहे हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. पूर्वी बहुतेक गोट्यांना, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पोकळ तुकड्यांना, त्यांचा स्वतःचा दांडा पक्का जोडलेला असायचा. पन्नास नट, तर पन्नास पाने. १९२० साली अमेरिकेत, मिलवॉकीला, जोसेफ जॉन्सन नावाच्या माणसानं म्हटलं की पाच दांडे आणि दहा गोट्या सुट्या करा, हवी ती गोटी हव्या त्या दांड्याला लावा, पन्नास पान्यांचं काम होतंय की नाही बघा. त्याच्या साहेबाला ही कल्पना आवडली नाही. मग त्यानं एक भागीदार गाठून स्वतःची कंपनी काढली, तीच आजची स्नॅप-ऑन. हत्यारं कमी लागावीत म्हणून निघालेली ही कंपनी आज हजारो प्रकारची हत्यारं विकते. माझंही नेमकं तेच झालंय, फक्त मी विकत घेण्याच्या बाजूला आहे.

सुरुवात प्रत्येकाची अर्ध्या इंचानं होते. गोटी पान्याची निळी किंवा लाल पत्र्याची पेटी, आत अर्धा इंची चौकोनाचा, म्हणजे गोटी जिच्यावर बसते त्या चौकोनी खुंटीचा, रॅचेट आणि आपापल्या खड्ड्यांत बसलेल्या गोट्या. गाडीच्या चाकाला, बुडाला, मोठ्या नटांना हा उत्तम. पण तोच रॅचेट बॅटरीच्या दहा मिलिमीटरच्या नटावर लावला की मुंगी मारायला मुसळ घेतल्यासारखं होतं. हाताला अंदाजच येत नाही आणि बघता बघता आटे जातात. म्हणून पाव इंची घ्यायचा. तो इतका गोजिरवाणा असतो की बोलायची सोय नाही. पण चौदाच्या नटावर जरा जोर लावला की मनगटाआधी त्याचाच जीव जाईल अशी धास्ती वाटते. मग या दोघांच्या मधला येतो, तीन अष्टमांशवाला. बाजारात त्याला सरळ ‘तीन सूत’ म्हणतात. खरं सांगायचं तर ऐंशी टक्के कामं या मधल्यावरच होतात, आणि नेमका तोच आपल्याकडच्या पेटीत सहसा नसतो.

आता यात एक गंमत बघा. आपल्या देशानं १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापं स्वीकारली. पोरं सेंटिमीटर शिकली, दुधाचा शेर गेला, कापडाचा वार गेला. पण गोटीच्या पुढच्या तोंडाला १० मिलिमीटर, १२ मिलिमीटर आणि पाठीमागच्या चौकोनी भोकाला मात्र इंच! जर्मन घ्या, जपानी घ्या, सगळ्यांचा चौकोन इंचातच. इतक्या जणांचं इतक्या वर्षांत एकमत झालेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

चौकोनाचं ठरलं की दात सुरू होतात.

रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चक्र असतं आणि त्यात अडकणारी एक खिट्टी. एका बाजूला फिरवलं की खिट्टी धरते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की टकटक करत सोडते. सायकल न चालवता नुसतं पायडल उलटं फिरवलं की जे ऐकू येतं तेच हे. चक्राला २४ दात असले तर दांडा एका वेळी १५ अंश तरी मागे न्यावा लागतो. ७२ असले तर फक्त पाच. मोकळ्या जागेत या दहा अंशांचं कुणाला सोयरसुतक नाही. पण इंजिन आणि बॉडीच्या मधल्या बेचक्यात, जिथे हात कोपरापर्यंत आत गेलेला असतो आणि दांडा जेमतेम बोटभर हलतो, तिथे २४ दातांचा रॅचेट पुढचा दात पकडतच नाही. तुम्ही हलवत राहता, नट तिथेच.

म्हणून ७२. मग कुणीतरी सांगतं ९०. मग १२०, म्हणजे तीन अंश. इथे माझी चौकशी जरा खोल गेली. असले कित्येक १२० वाले उघडून बघितले तर चक्राला दात निघतात ६०. खिट्ट्या दोन असतात आणि त्या आळीपाळीनं धरतात, म्हणून हिशेब १२०चा. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे हे हत्तीपुरतं नाही तर. तरी युक्ती झकास आहे, कारण चक्राचे दात त्यामुळे फार बारीक करावे लागत नाहीत. दात फार बारीक झाले की त्यांची ताकद जपायला एकाच वेळी बरेच दात पकडणारी रुंद खिट्टी लागते, आणि तिचं काम किती नेटकं झालंय ते बाहेरून दिसत नाही. बाहेरून सगळ्यांवर सारखंच चकचकीत क्रोम आणि ‘क्रोम व्हॅनेडियम’ या चिवट पोलादाच्या नावाची ठसठशीत अक्षरं. अक्षरं कोरायला व्हॅनेडियम लागत नाही.

ते बाहेरून ओळखायचं कसं, हे शिकायला मुंबईतल्या हत्यारांच्या बाजाराला, नागदेवी स्ट्रीटला पर्याय नाही. बँकेला सुट्टी असलेल्या शनिवारी डोंबिवलीहून धीम्या गाडीनं मशीद स्टेशनला उतरायचं, हातगाड्यांना अंग चोरत गल्लीत शिरायचं. दोन्ही बाजूंना पाने, पकडी, ड्रिल, बेअरिंग, ग्राइंडरची चाकं. माझ्या नेहमीच्या दुकानदारानं मला ओळखून आता बरेच दिवस झालेत. तो काचेवर एकेक रॅचेट ठेवत जातो. एक नाशिकचा टपारिया. एक जालंधरकडचा, दिसायला टपारियाचा सख्खा भाऊ. एक तैवानचा ७२ दाती. आणि सगळ्यात शेवटी, कपाटातून फडक्यात गुंडाळलेला जपानी. त्या एकट्याच्या किमतीत देशी गोट्यांची आख्खी पेटी येते, हे तो सांगत नाही. मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे.

परीक्षा अशी असते. चौकोनाला एक छोटी गोटी लावायची आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ती सुटणाऱ्या दिशेनं फिरवायची. चांगल्या रॅचेटमध्ये ती सहज फिरते, बारीक किरकिर होते. वाईटात बोटांना जोर लागतो. हा जोर क्षुल्लक वाटेल, पण नट सैल झाला की खरी फजिती इथेच होते. दांडा मागे नेला की खिट्टी सोडायच्या ऐवजी सैल नटालाच सोबत परत नेते. पुढे एक पाऊल, मागे एक पाऊल. कवायत चालते, काम नाही. त्यानंतर चौकोन हलवून बघायचा, डोक्यात किती खेळ आहे ते. दिशा बदलायची कळ अंगठ्यानं फिरवायची. ती घट्ट हवी, पण तेलकट अंगठ्यालाही ऐकली पाहिजे. शेवटी कानाशी नेऊन ऐकायचं. शेजारी पाइपाचा रेंच घ्यायला आलेला प्लंबर अशा वेळी आपल्याकडे बघतो. त्याच्याकडे बघायचं नाही.

एकदा हे सगळं यथासांग चाललेलं असताना दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारलं, “साहेब, खोलायचं काय आहे?”

गोट्यांचे आकडे, दात, अंश, पोलाद, सगळं मला तोंडपाठ होतं. याचं उत्तर नव्हतं. “असंच... घरी असावा,” मी म्हणालो. त्यानं मान डोलावली आणि जपानी माझ्या बाजूला दोन बोटं सरकवला. धंदा असा करतात.

आमच्या इमारतीसमोरच्या गॅरेजवाल्याकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे एक २४ दाती रॅचेट आहे, त्याची कळ कधीच गेली, तिथे त्यानं खिळा बसवलाय. जाम नट असला की तो रॅचेटला हातही लावत नाही. लांब एल-दांडा लावतो, त्यावर पायानं एक झटका देतो, नट जागचा हलला की मग रॅचेटनं भराभर काढतो. “काका, रॅचेट जोर लावायला नसतोच,” तो म्हणतो, “पळवायला असतो.” आणि हे शास्त्राला धरून आहे. फूटभर दांड्याला तीन फुटी पाइप घातला की नटावरचा जोर तिप्पट होतो हे आपल्याला दिसतं. तो तिप्पट जोर आतल्या त्या इवल्या खिट्टीवरूनच जातो, हे कट्ट असा आवाज आला की कळतं.

गोटी एका हातानं सोडवायचं जे बटण रॅचेटच्या पाठीवर असतं, त्याचीही मोठी कथा आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत सिअर्सच्या दुकानात कामाला असलेल्या पीटर रॉबर्ट्स या अठरा वर्षांच्या पोरानं ते शोधून काढलं. कंपनीनं त्याला जास्तीत जास्त दहा हजार डॉलर देऊन हक्क घेतले आणि रॅचेट लाखोंनी विकले. हे उमगल्यावर तो कोर्टात गेला, आणि ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. मी हे जेवताना अगदी रंगवून सांगितलं.

“त्यानं निदान काहीतरी शोधून काढलं,” बायको म्हणाली. “तुम्ही नुसतंच शोधताय. ताक वाढू?”

अलीकडे मात्र एक खरीखुरी गरज निर्माण झाली. मेहुण्यानं गाडी घेतली, जुनी, आणि फोन केला, “भावोजी, तुमचा तो कटकट वाजणारा पाना दोन दिवस द्याल का?”

जपानी द्यायचा प्रश्नच नव्हता. तैवानवाला मी नुकताच उघडून, पातळ ग्रीस लावून बसवला होता. त्यातली स्प्रिंग भिंग लावून कपाटाखालून शोधली होती, त्यामुळे त्याच्यावर जीव जडलेला. पाव इंची तो मोडेल. अर्धा इंचीनं तो गाडी मोडेल. तेव्हा विचार केला की उसना देण्यासाठी म्हणून एक वेगळाच रॅचेट घरात असावा. साधा, स्वस्त, गेला तरी हळहळ नको. पुढच्या सुट्टीच्या शनिवारी पुन्हा मशीद.

दुकानदाराला म्हटलं, वाईटातला वाईट दाखवा. त्यानं तीन ठेवले. मी पहिल्याला गोटी लावून चिमटीत फिरवली. घट्ट. असला मेहुण्याला कसा द्यायचा? दुसऱ्याच्या डोक्यात खेळ. तिसऱ्याची कळ अंगठ्याला ऐकेना. मग त्यानं एक पायरी वरचा काढला, मग आणखी एक. तासाभरानं जो घेऊन बाहेर पडलो तो ९० दाती, तीन सूत, लवचीक मानेचा. मान हवी त्या कोनात वाकते. असला माझ्याकडेही नव्हता.

मेहुण्याला मग तैवानवाला दिला. सोबत गोट्यांची पट्टीही. त्याची गाडी मारुती, तिला दहा, बारा, चौदा एवढ्यात भागतं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“भावोजी, पाना झकास आहे हो, काय मऊ चालतो! फक्त यात दहाची गोटी नाहीये.”

“नसतेच,” मी म्हणालो. “सगळ्यात आधी हरवते ती तीच. कुणाकडेच नसते.”