ओआरएस आणि झिंकबद्दल खुलासा

गोव्यातल्या काणकोण, केपे, सांगे भागांतल्या गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी समाजांच्या वाड्यांवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकांपर्यंत मुलांच्या जुलाबाबद्दल एक संदेश पोचलाय: ओआरएसचं (पाण्यात घालायच्या मीठ-साखरेच्या पुडीचं) पाकीट चार भागांत करून ग्लासागणिक द्या, जुलाब थांबताच झिंक बंद करा. दोन्ही चूक.

२०.५ ग्रॅमचं पाकीट अख्खं एक लिटर पिण्याच्या पाण्यातच घाला. अंदाजाने भाग केले तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. द्रावण दाट झालं तर मुलाच्या रक्तात सोडियम (मिठातला घटक) वाढू शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. (२०० मिली पाण्यासाठीचं छोटं पाकीटही मिळतं, म्हणून आधी पाकिटावरचं वाचाच.) २४ तासांनी उरलेलं ओतून टाका.

झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिग्रॅची गोळी, दोन ते सहा महिन्यांच्याला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. स्तनपान, पेज चालूच ठेवा.