पंचवीस सेंटची बाटली आणि आठ सेंटची बाटली

महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हापासून मायदेशातल्या माझ्या मित्रमंडळींत एकच वाद अधूनमधून पेटतो: शीतपेय प्लास्टिकच्या बाटलीतून घ्यावे की काचेच्या? काच तेवढी सोज्ज्वळ आणि प्लास्टिक तेवढे पापी, असा एकूण सूर असतो. जर्मनीत राहू लागल्यापासून मला हा प्रश्नच अपुरा वाटतो.

इथे दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली सरकवली की अनामत परत मिळते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट, तर बिअरच्या पुन्हा भरल्या जाणाऱ्या साध्या काचेच्या बाटलीवर 8. ज्या बाटलीची अनामत जास्त ती अधिक पर्यावरणस्नेही, असे सुरुवातीला मीही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात 25 सेंटची बाटली यंत्राच्या पोटात कडाकडा चेपली जाते. 8 सेंटची मात्र अखंड आत जाते, धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते, असे पन्नासेक वेळाही होऊ शकते.

काचेचे पुण्य आहे ते या फेऱ्यांत. अर्ध्या लिटरची काचेची बाटली साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, ‘पेट’ (PET) या प्लास्टिकची वीस-पंचवीस ग्रॅम. शिवाय काचेची भट्टी पंधराशे अंशांच्या घरात तापवावी लागते. एवढा खटाटोप करून ती बाटली एकदाच वापरली, किंवा दर वेळी शेकडो किलोमीटर हिंडवली, तर हलके प्लास्टिकही तिच्यापेक्षा बरे ठरू शकते. अ‍ॅल्युमिनियमचा कॅन खनिजापासून बनवताना अफाट वीज खातो, पण जुना वितळवून नवा केल्यास सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. म्हणजे तिथेही सगळी मदार तो परत येण्यावरच.

आपल्याकडे रिकामी बाटली दुकानातल्या क्रेटमध्ये ठेवूनच निघायची रीत होती, आणि 2018 च्या अधिसूचनेतही पेट बाटल्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. आमच्या वादात ती कधी आली नाही, याचे मला नवल वाटते.

इथे अनेक जण अनामतीची बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या शेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे बाटल्या गोळा करणाऱ्याला आत हात घालावा लागत नाही. आपल्याकडे अनामत लागू झालीच, तर ती पोते खांद्यावर घेऊन येणाऱ्या कचरावेचक बाईलाही, पावती न मागता, रोख मिळायला हवी.