पीवणा श्वास पीत नाही, चावतो

जैसलमेरच्या सहलीला निघालेल्या अमळनेरच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘वाळवंटात जाताय? जीव प्यारा असेल तर वाचा.’ त्यात लिहिलंय की तिथला पीवणा नावाचा साप झोपलेल्या माणसाच्या छातीवर चढून श्वास पितो. उशाशी लसूण असला की तो फिरकत नाही. आणि दंशच नसतो, त्यामुळे दवाखान्यात नेऊन उपयोग नाही, इंजेक्शन चालत नाही. पुढे वाळू माणसाला गिळते, टेकड्या रातोरात जागा बदलतात, तिथे काही जगत नाही म्हणून जीप कुठेही घाला, उंटाच्या मदारीत पाणी असतं, जैसलमेरजवळच्या अकल गावातल्या, दगड झालेल्या जुन्या लाकडाचा तुकडा घरात ठेवला की वास्तुदोष जातो, असं बरंच काही. माझी मामी याच सहलीला चाललीय. फोनवर म्हणाली, ‘लसून बांधी लिधा, आते कसानं भ्याव?’ तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आधी सापाचं. पीवणा काल्पनिक नाही. पश्चिम राजस्थानात लोक ज्याला पीवणा म्हणतात तो मण्यार कुळातला, सिंध मण्यार. आपल्या शिवारातल्या मण्यारचा सख्खा भाऊबंद. दिवसा दबून राहतो, रात्री उंदीर-पाली आणि दुसरे साप शोधत फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात-पाय त्याच्या वाटेत आला, माणूस कुशीवर वळला, की चावतो. त्याचे दात इतके आखूड असतात की दंश जेमतेम मुंगी चावल्यासारखा वाटतो, कित्येकांची झोपही मोडत नाही. सूज नाही, रक्त नाही, सकाळी शोधूनही खूण सापडत नाही. विष मात्र मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं. पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पहाटे घरच्यांना काय दिसतं? अंगावर जखम नसलेला, श्वास गेलेला माणूस. सापाने श्वास प्यायला, ही समजूत तिथून आली. ज्यांनी ती पहिल्यांदा बांधली त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर दुसरा खुलासा नव्हता. आज मोबाईलवरून ती पुढे ढकलणाऱ्यांना मात्र देतो.

साप चोखूच शकत नाही. नागपंचमीला दुधाची वाटी पुढे करणाऱ्यांना सर्पमित्र दरवर्षी हेच सांगून थकतात. शांत पडलेला माणूससुद्धा एका श्वासात अर्धा लिटर हवा आत घेतो. तेवढी हवा त्या बारीक सापात मावणार कुठे? आणि लसणाने साप पळतो याला काडीचा आधार नाही.

‘इंजेक्शन चालत नाही’ यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरून तयार होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिंध मण्यारचं विष फार जहाल निघालं आणि त्यावर ही लस कमी पडते असं दिसलं. पण म्हणून दवाखाना टाळायचा? उलट, लस कमी पडते तिथे दवाखान्याची गरज जास्त. लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. श्वासाचे स्नायू थांबले तर व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवता येतो. मज्जातंतू सावरायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस माणूस तगला की तो घरी येतो. घरात लसूण हुंगत बसलेल्याला ती संधी मिळत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातली बहुतेक खेड्यात, घरीच. रावेर-यावलला रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरून बांधावर आडवं होणाऱ्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

आता ‘तिथे काही जगत नाही’. हे वाचून मला सापाच्या गोष्टीइतकाच राग आला. सम आणि खुडी या गावांजवळच्या वाळूच्या टेकड्या पाहायला माणसं जातात तो सगळा मुलूख डेझर्ट नॅशनल पार्कचा. १९८० साली राखलेला, ३१६२ चौरस किलोमीटरचा. त्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी खडकाळ माळ, सेवण गवत, फोग-केराची झुडपं, खेजडी. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. या गवतात माळढोक राहतो. एकेकाळी महाराष्ट्राच्या माळांवरही होता, आता देशभरात मोकळ्या रानात दीडशेही उरलेले नाहीत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. मातीच्या रंगाचं ते अंडं जीपवाल्याला दिसत नाही. जीप कुठेही घाला म्हणणाऱ्याने हे वाचावं. आणि अकलच्या दगडी लाकडाला हात लावू नका. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची ती झाडं आहेत, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, वास्तुदोषाची पुडी नाही.

उरलेलं थोडक्यात. कोरडी वाळू माणसाला गिळत नाही. रुतायला वाळू पाण्याने भरलेली लागते, आणि तशा वाळूतही माणूस कमरेच्या खाली फारसा जात नाही, कारण तो तिच्यापेक्षा हलका असतो. टेकड्या सरकतात हे खरं. वारा कण चढावरून वर नेतो, माथ्यापलीकडे टाकतो, आणि तो उतार ३४ अंशांच्या आसपास पोहोचला की वाळू घसरते. पण हे वर्षाला काही मीटरचं काम, एका रात्रीचं नाही. रात्रीत बदलतात त्या वरच्या लाटा. उंटाच्या मदारीत चरबी असते, पाणी नाही.

मामीला मी एवढंच सांगितलं. तंबूत खाली गादी टाकून झोपायचं नाही, खाट मागायची. मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचायच्या. अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही. रात्री कुणाला विनाकारण पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत बसायचं नाही, काही बांधायचं-कापायचं नाही, हात-पाय हलू न देता गाडीत घालायचं. समपासून जैसलमेर चाळीसेक किलोमीटर आहे, म्हणून रात्री गाडी आणि ड्रायव्हर जागेवर असतो का, हे बुकिंगच्या आधी कॅम्पवाल्याला विचारायचं.